पाटी

निवृत्त झालो आणि फुलं करायला बसलो.
बत्तीस वर्षं रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर,
फेरीबोटीच्या इंजिनापाशी.
हिशेब केला तर पृथ्वीला वळसा पडला असेल,
आणि गेलो कुठे? पलीकडे.
आता त्याच काळ्या बोटांनी
चोणकाचे खवले लिंबाच्या पाण्यात धुतो,
सावलीत वाळवतो,
कात्रीने देठाकडे निमुळते करतो.
सहा खवल्यांचं एक फूल.
लोक या वयात देवळात जाऊन बसतात, कुसमावती म्हणते.
म्हणते, आणि मासळी साफ करताना
खवले माझ्यासाठी वेगळ्या वाटीत काढते.

आमच्या घरात फोटो एकूण पाच.
बापाचा, ओळखपत्रावरून सोडवलेला:
निम्मा शिक्का त्याच्या खांद्यावर,
निम्मा कुठल्या तरी दफ्तरात.
भिकूचा, फुटबॉलच्या संघात, मागच्या रांगेत;
पुढच्याने नेमकी तेव्हाच मान हलवली.
लग्नाचे दोन. एकात बुरशीने
नवरीच्या शेजारी आख्खं बेट उगवून ठेवलंय.
आणि आईचा.

आईचा म्हणजे खरा फेरीबोटीचा.
कुणी गोरा पाहुणा धक्क्यावरून बोट टिपत होता,
आई पाटी घेऊन त्याच्या चौकटीत शिरली.
नीट शिरलीही नाही,
डावा हात बाहेरच राहिला.
महिन्यांनी पाकीट आलं. पत्ता एवढाच:
फेरीबोट, रायबंदर, गोवा.
तिला दाखवला, तर म्हणाली,
बोट बरी आलीय.

खळ उकड्या तांदळाच्या पेजेची,
त्यात चिमूटभर मोरचूद,
नाहीतर झुरळं पूर्वज खातात.
कोपऱ्यांना शिंपल्यांची तावदानं;
वरच्या वाड्यावर कुणाची तरी खिडकी मोडली
तेव्हा गोणीत भरून आणली होती, कशाला ते माहीत नसताना.
भिकूभोवती जुन्या तिकिटांची झालर:
पन्नास पैसे, पन्नास पैसे, पन्नास पैसे.
भाची म्हणाली, मामा, फोनवर करून देते,
आजीला मधोमध आणते, बोट पुसून टाकते.
नको म्हटलं.
बोट पुसल्यावर
ती तिथे कशासाठी उभी आहे?

आईच्या पानावर मी संध्याकाळ केली.
भिरंडाच्या सोलांचं पाणी, दोन हात चढवून,
मागे लाल आभाळ.
बाजार उठवून परतणारी आई,
पाटी मोकळी, तळाशी पानात बांधलेलं खाजं.
मला ती तशीच आठवते.
पाटीभोवती दोन फुलंही लावली.

कुसमावती पिठाच्या हातांनी आली.
पानाला हात लावला नाही, वाकून पाहिलं.
तिनेही सासूमागून अठरा वर्षं पाटी वाहिलेली.
ही परततेय कुठली, म्हणाली.
मान बघा.
रिकाम्या पाटीखाली बाई इकडेतिकडे बघते,
कुणाला हाक मारते, हसते.
ही समोर बघतेय.
वीस किलो तरी असतील डोक्यावर.
सकाळ आहे ही.

भिंग घेतलं. मानेवरची शीर दिसली,
इतकी वर्षं मी जिला
फोटोवरचा ओरखडा समजत होतो.

आभाळ राहू द्या, म्हणाली ती, दाराशी पोचून.
उगवतीलाही तेवढंच लाल असतं.
पाटी तेवढी भरा.

तेव्हापासून भरतोय.
फुलं उसवली, खवले सुटे केले,
चिमट्याने एकावर एक,
खाली मोठे, वर बारीक,
जसे ती लावायची, गिऱ्हाइकाला उलटे दिसतील असे.
मांजर दोनदा येऊन पान चाटून गेलं.
वही आता मिटत नाही.
वर इंजिनाचा एक जुना नट ठेवतो,
तरी आईच्या पानाशी उघडी राहते,
थोडी,
धक्क्याला फळी टेकायच्या आधी
बोट राहते तेवढी.