घर नंबर सत्तावीस

फॉर्मवरचा प्रश्न मी शंभर घरी विचारला:
आवाजात काही बदल जाणवतो का?
कौतिकाबाईला विचारला, तिच्या मुक्या दिरालाही विचारला
(तो हसला, मी खोडलं),
ठेल्यावर खर्रा घोटता घोटता शेषराव म्हणाला,
"काहून वं, गानं म्हनाले लावतं का?"

सत्तावीस नंबर आमचंच घर.
तिथं मी ओट्यावर बसले, चहा निवेपर्यंत
सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहिलं.
आत बाबा खाकरत होते.

देवमन दलाल. मंगळवारच्या बैलबाजारात
त्यांचा आवाज नदीपलीकडून ओळखू यायचा:
"दात पाहा, दात! चाल पाहा!"
भाव मात्र कधी तोंडानं सांगितला नाही.
भाव दुपट्ट्याखाली,
घेणाऱ्याच्या हातात हात घालून.
एक बोट धरलं की हजार, पंजा धरला की पाच,
पेर दाबलं तर अर्धा.
भोवती पन्नास माणसं, कोणाला पत्ता नाही.

आवाज बसला पोळ्याच्या आसपास.
"बाजारात वरडून बसला," आई म्हणाली.
हळद-मिठाच्या गुळण्या. ज्येष्ठमध. विडी चालूच.
दिवाळीला आवाज वंगण सरलेल्या चाकाचा,
भाकर दुधात कुस्करलेली, तरी गिळताना मान वाकडी.
कान दुखतो म्हणाले,
मी कानात थेंब टाकले.
कानात!
पाच महिने. आणि माझ्या पिशवीत तो फॉर्म.

नागपूरला मेडिकलमध्ये नाकातून नळी घातली
तेव्हा पडद्यावर बाबांचा आवाज मला पहिल्यांदा दिसला:
दोन पांढऱ्या दोऱ्या, वेसणीसारख्या.
एक हलत होती.
दुसरीवर खरबरीत काहीतरी, सरकीएवढं.
डॉक्टरीण माझ्याहून लहान. तिनं चिठ्ठीमागे गळा काढला:
इथून श्वास, इथून घास,
मधे ही पेटी. ही काढावी लागेल.
बाबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं,
"मंग घास जाईन नं?"
जाईल.
"अन् जीव?"
"बहुतेक राहील. पोळ्याला आला असता, काका,
तर पेटीही राहिली असती कदाचित."
तिला काय माहीत कोण बाजूला बसलंय.

आता गळ्याखाली रुपयाएवढं भोक,
त्यावर जाळीचा पांढरा फडका.
श्वास तिथूनच येतो, तिथूनच जातो.
एकदा सवयीनं फुंकणी तोंडाला लावली,
निखारा तसाच राहिला, फडका फडफडला.
आईला हसू आलं, मग चूल सोडून ती गोठ्यात गेली,
बराच वेळ आली नाही.
मोह फुलला, त्यांना वास नाही.
पाखऱ्या दावणीला कान टवकारून उभा राहतो,
बाबा खुंटा ठोकतात, तेव्हा वळतो.

चैतात ते बाजारात गेले. मी मागून, पिशवीत फडके घेऊन.
कोणी म्हणालं, "देवमन, आता कसा गा सौदा करशीन?"
बाबांनी दुपट्टा पसरला.
जोडी पाव घंट्यात विकली गेली.

त्या रात्री मी नवा फॉर्म काढला, त्यांच्यासमोर बसले.
वय. विडी, किती वर्षं. खर्रा. आवाजात बदल.
खरं खरं भरलं.
मग जे फॉर्मवर नाही ते विचारलं,
रागावलात का माझ्यावर.
त्यांनी दुपट्टा घेतला, माझा हात त्याखाली ओढला.
पंजा धरला. मग एक बोट.
मग त्या बोटाचं पेर, हळूच दाबलं.
साडेसहा.
कशाचे, ते सांगितलं नाही.
आईला विचारलं, तिलाही कळलं नाही.

काल पुन्हा फेरी होती. शेषरावच्या ठेल्यापासून सुरू केलं.
आता मी प्रत्येक दारात आधी नाव विचारते,
माहीत असलं तरी.
जोरात सांग, म्हणते. पुन्हा एकदा सांग.