तेवीस नंबरची घडी

सप्टेंबरात जर्सी आल्या तेव्हा कोऱ्या होत्या,
हिरव्या, प्लॅस्टिकचा वास येणाऱ्या.
गॉलवेत त्या दिवशी ऊन होतं, म्हणजे
एका बाजूनं पाऊस नव्हता.

मी धुते. बावीस वर्षं धुतेय.
सामना पाहत नाही, मैदान भिंतीपलीकडेच आहे तरी.
गर्दीचा आवाज मशीनच्या घरघरीत विरतो
आणि काय झालं ते मला कपड्यांवरून कळतं.
हरलेली जर्सी उलटी येते, बाह्या आत अडकलेल्या,
अंगातून ओढून फेकलेली.
जिंकलेली उशिरा येते, बिअरच्या वासाची,
एखादी येतच नाही.

मी डब्लिनच्या पलीकडे गेलेले नाही.
पण ऑक्टोबरात प्रिटोरियाची माती माझ्या नखांत होती:
विटकरी, गरम पाण्यात टाकली तर कायमची बसणारी.
वेल्सची काळी. इटलीतली पिवळट, लगेच सुटणारी,
तिथल्या माणसांसारखीच असणार, बार्टली म्हणाला,
जो तिथे कधी गेला नाही.
लिमरिकचा चिखल मात्र मी मुद्दाम
रात्रभर थंड पाण्यात ठेवते.
कुडकुडू दे.

नोव्हेंबरात ओळीनं पाच सामने हरलो.
"हरलो" म्हणते मी. धुणारीचंही असतं एक "आम्ही".
पेपरात आलं, पश्चिमेच्या पोरांत दम उरला नाही.
पाववाला माइली मलाच विचारायला लागला,
जणू चेंडू मी सोडला होता,
"काय झालं गं त्या लाइनआउटचं?"
रक्त थंड पाण्यात, गवत ब्रशनं,
व्हॅसलिन कशानंच नाही.
मला सांगता येतं ते एवढंच.

जानेवारीत समुद्रावरून असं वारं सुटलं
की लाथाडलेला चेंडू
मारणाऱ्याच्याच डोक्यावरून मागे गेला.
डब्लिनची मंडळी आली होती, इस्त्रीच्या घडीतली.
त्या रात्री सगळ्या जर्सी एकाच रंगाच्या आल्या,
नंबरसुद्धा बोटांनी चाचपून ओळखावे लागले.
चार उशिरा आल्या. दोन आल्याच नाहीत.
घरी बार्टलीनं रेडिओ इतका मोठा केला
की कुत्रं टेबलाखाली जाऊन बसलं.

पण मला सांगायचंय ते तेवीस नंबरचं.

शेवटचा राखीव. फेखिन गिबलिन, कासलरेकडचा,
घरी मेंढरं, आणि आईवर गेलेले कान, उभे.
सप्टेंबर ते एप्रिल त्याची जर्सी परत आली
जशी गेली तशी, घडीसकट.
स्वतः आणून द्यायचा.
"मळली नाही, मिसेस कोनीली. साबण वाया घालवू नका."
मी धुवायचे.
बाकीच्यांसोबत, त्याच पाण्यात,
निदान त्यांचा थोडा चिखल लागो म्हणून.
हे मी कुणाला बोलले नाहीये.

मे. शेवटचा सामना.
जिंकून काही मिळणार नव्हतं, हरून काही जाणार नव्हतं.
शहात्तराव्या मिनिटाला त्याला आत पाठवलं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मशीन मध्येच थांबवून
मी भिंतीपाशी गेले.
विटांच्या फटीतून मैदानाचा एक कोपरा दिसतो, झेंड्याचा.
त्या कोपऱ्यात कुणीच आलं नाही.
फक्त आवाज आला, आठ हजार माणसांचा,
अंधारात पायरी चुकल्यासारखा.

नंतर कळलं. चेंडू हातात आला होता,
रेघ चार पावलांवर.
सुटला.

सगळे गेल्यावर आला तो.
टोपलीत टाकली नाही, हातात दिली.
छातीवर रेघेच्या रंगाचा पांढरा आडवा पट्टा,
कोपरावर माती, आमच्याच मैदानाची.
घडी मोडली होती एकदाची.

"निघेल ना?"
निघतो तो रंग. थंड पाणी, साबण, दहा मिनिटं.
"वेळ लागेल," मी म्हणाले.
"सप्टेंबरात ये न्यायला."
त्याचा करार जूनपर्यंतचा होता.
दोघांनाही माहीत होतं.

दहा वाजत आले तरी बाहेर उजेड होता.
तो बसकडे चालत गेला, कान उभे.
मी बादलीखाली नळ सोडला.
मग बंद केला.