काळा दोरा

गेममधली माणसं चालतात, रडतात.
झोपाळा मात्र ढिम्म.
प्रॉपला हाडं नसतात ना.

मंगळवार पेठेत, रात्री दीडला,
एक माणूस घेतला,
त्याचं कातडं पुसून टाकलं,
उरलेल्या मनगटाला झोपाळा बांधला.
हलला की!
जरा जास्तच; भिंतीतून आरपार.

गल्लीतले आण्णाप्पा सुतार स्टुडिओत सेटिंगला होते.
पलंगाखाली, भुशात पालथे पडून
काळा दोरा ओढायचे;
पडद्यावर पाळणा हलायचा.
"दिसलो असतो तर पगार कापला असता की,"
तंबाखू मळत सांगायचे.

फाईलला नाव हवं होतं.
'अदृश्य एक' खोडलं, 'आण्णाप्पा' लिहिलं.

पुन्हा चालवून पाहिलं:
झोपाळा मधेच, शिंक दाबल्यासारखा,
क्षणभर थांबतो.
चूक कुठंय ते कळलंय.
काढली नाही.