बॉल बघायचा नाही

इंगवले सरांनी पहिल्या दिवशी शिट्टी दिलीच नाही.
म्हणाले, आधी हात शिक.
शिट्टी काय, कुकरपण मारतो.

मग दीड महिना
उद्यमनगरातनं सुटले की
अंगाला ऑइलचा वास तसाच घेऊन
शाळेच्या रिकाम्या ग्राउंडवर मी उभी,
हवेला निर्णय देत:
दोन बोटं, दुहेरी स्पर्श.
चार बोटं, चौथा फटका.
एका तळव्यानं दुसऱ्या हाताची बोटं पुसायची,
म्हणजे बॉल कुणाच्या तरी नखाला लागून गेलाय.
वॉचमन हणबरमामा कंदील नसतानाही कंदील धरल्यासारखा
हात वर करून विचारून गेला,
'कुणासंगं बोलतीयास, पोरी?'

कारखान्यात दिवसभर माझ्या हातात गेज असतो.
एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो.
कास्टिंग बसलं तर बसलं,
नाहीतर लाल खडूची फुली.
लोखंड वाद घालत नाही.
मला वाटलं होतं, हेही तसंच असेल.

वडणगे. रात्रीची मॅच.
काठी लावून नेट मोजलं, दोन मीटर त्रेचाळीस.
त्या रात्री मला नक्की माहीत असलेली
तेवढी एकच गोष्ट.

सर वर, लोखंडी शिडीवर.
मी खाली खांबाजवळ, दुसरी पंच.
शिट्टी गळ्यात घालताना एवढंच बोलले,
'बॉल बघायचा नाही.'

पाचशे माणसं बॉल बघायला आलेली.
ट्रॉलीत बायका, पाण्याच्या टाकीवर पोरं,
बॉल वर गेला की पाचशे हनुवट्या वर,
आणि मी एकटी खाली मान घालून,
घरात भांडण पेटलेलं असताना
कुणीतरी तांदूळ निवडत बसावं तशी.

नेटचा पट्टा. नेटखालची रेघ.
फक्कीची, दर उडीला थोडी पुसट होणारी.
शीतल मगदूमचा डावा बूट,
अंगठ्यापाशी उसवलेला.
उडाला, उतरला. बोटं पलीकडं, टाच फक्कीवर.
टाच असली तर चालतं.
नियमात तेवढी माया आहे.

पुन्हा उडाला.
ह्या खेपेला टाचही पलीकडं. बोटभर.
मी बघितलं,
आणि शिट्टी दातांतच राहिली.
तोवर मैदान फुटलं, हलगी सुटली,
माइकवाला नाव घेऊन घेऊन घसा फोडायला लागला.
सरांनी वरून माझ्याकडं एकदा पाहिलं
आणि पॉइंट दिला.

तिसऱ्या सेटला तोच बूट, तीच रेघ.
वाजवली.
इतकी जोरात की मीच दचकले.
बोट रेघेकडं, आणि ते बोट थरथरतंय
हे पाचशे माणसांना दिसतंय.
'ओ म्याडम, चष्मा बदला की!'
'फुटाण्याला घेतलीया काय शिट्टी?'
शीतल काही बोलला नाही.
धुळीतल्या स्वतःच्या ठशाकडं बघत राहिला,
दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

नंतर चहाच्या गाड्यावर एक पोरगं म्हणालं,
'मॅडम, पहिल्या सेटमधला शीतलदाचा शॉट!
ट्रॉलीच्या चाकावर जाऊन आपटला बॉल!'
मी मान हलवली.
मी तो पाहिलाच नव्हता.

सर बशीत चहा ओतत होते.
'पहिली दिसली होती तुला?'
'होय.'
'मलाबी.'
'मग तुम्ही का नाही वाजवली?'
त्यांनी बशी संपवली, पुसली, परत दिली.
'रेघ तुझी होती.'

परतताना शिवाजी पूल ओलांडून गंगावेशीत थांबले.
कट्ट्यावर शेवटची म्हैस उरलेली.
ग्लासात धार पडत होती, फेस काठाच्या वर चढत होता,
भोवतीची चार माणसं त्या फेसाकडं बघत होती.
मी म्हशीचा मागचा खूर बघत होते.
गटाराच्या कडेवर होता तो.
अर्धा अलीकडं, अर्धा पलीकडं.

चालतंय, म्हटलं मनात,
आणि ग्लास घ्यायला हात पुढं केला.