उणे ऐंशी

किल्ली आज दुपारी परत करायची आहे.
सोहारच्या प्रयोगशाळेत, तळमजल्यावर,
हा फ्रीजर, माझ्याहून वीतभर उंच;
दार उघडलं की भर जुलैत तोंडावर पौषातलं धुकं.

आत खोके, खोक्यांत नळ्या,
नळ्यांवर परकारांचं अक्षर,
दाभोळच्या शाळेत पाटीवर घोटलेलं,
नखाएवढ्या चिठ्ठीत छावणी, क्रमांक, तारीख मावणारं.
मी शोधनिबंध लिहिले, समित्यांवर बसले,
मंत्र्यांपुढे तक्ते मांडले.
आभारांत परकार एकदाच आले,
तेही आडनाव चुकवून.

आम्ही पहाटे तीनला निघायचो.
कामगारांची बस चारला सुटते, त्याआधी
लघवीच्या बाटल्या, नळीभर रक्त,
आणि एकच प्रश्न चार भाषांत:
काल पाणी किती प्यायलात?
कुणी हसायचं. कुणी बोटं दाखवायचं.
एकजण म्हणाला, पाणी प्यायलं की उतरावं लागतं,
क्रेनवरून उतरलं की मजुरी कापतात.
हे कुठल्या रकान्यात घालायचं
मला अजून कळलेलं नाही. मी समासात लिहिलं.

मूत्रपिंड बोलत नाही.
अर्धंअधिक जाईपर्यंत कुरकुरत नाही,
गरीब घरातल्या थोरल्या मुलासारखं.

एका ऑगस्टात वीज गेली. जनरेटर धरेना.
परकारांनी मासळीबाजारातून बर्फ आणला,
सुरमईच्या वासाचा, पोती खांद्यावर घेऊन.
ते फोडत होते, भरत होते, पुन्हा फोडत होते.
मला ठाऊक होतं,
शून्याच्या हातून उणे ऐंशीचं काम होत नसतं.
मी त्यांना थांबवलं नाही.
सकाळी चारशे बारा नळ्यांत नुसतं लाल पाणी.
अहवालात मी लिहिलं, 'काही नमुने बाद.'

पुन्हा छावणीत गेलो. पोचय्याने बाही वर केली,
म्हणाला, "पहलावाला किधर गया, अम्मा?"
मी म्हणाले, तपासणी चालू आहे.
चौतीस वर्षांत
इतकं सफाईदार खोटं दुसरं बोलले नसेन.

शेवटी बंदरावर दुपारची सुट्टी वाढली.
अर्धा तास.
एकोणीस उन्हाळे, आणि अर्धा तास.

काल निरोपाला काचेच्या पेटीत चांदीचा खंजीर मिळाला.
भाषणात 'हजारोंचे प्राण' आले.
मी मनात हिशेब करत होते,
सावलीत अर्ध्या तासात माणूस काय काय करतो:
बूट काढतो. डबा उघडतो. घरी फोन लावतो,
पलीकडून कुणी उचलला नाही
तर तसाच, फोन छातीवर ठेवून, झोपतो.

आता माझ्या जागी शम्सा अल-बलुशी.
तिला कप्पे दाखवत खाली खाली आले.
तळाशी एक रिकामा खोका,
त्यावर परकारांच्या अक्षरात फक्त '४१२'.
इतकी वर्षं मी तो पाहिला नव्हता.
हे काय, तिने विचारलं.
मी सांगितलं, सगळं, पोचय्यासकट.
परकारांनी मान वर केली नाही;
पलीकडच्या टेबलावर
नव्या नळ्यांवर आजची तारीख घालत राहिले.