उटी

अर्ज मी लिहितोय,
कारण बाबालाल शिकलगारचं अक्षर त्याच्या वेल्डिंगइतकं सरळ नाही,
आणि गोदामाचा दिवाणजी म्हणून माझं थोडं देणं आहे.
पहिला रकाना : शोधाचं नाव.
"लिवा, थांब-आकडा," तो म्हणतो. मग हसतो,
"न्हाईतर नुसतं थांब लिवा."

कुपवाड एमआयडीसी. पत्र्याखाली तापलेली दुपार,
ग्राइंडरच्या ठिणग्या माझ्या चहापर्यंत येऊन विझतात.
याचे आजोबा विटा-तासगावच्या बाजारांतून
विळ्या-कात्र्यांना धार लावत हिंडले.
हा उलट्या कामाला लागलाय.

दुसरा रकाना : यापूर्वी काय वापरात होतं?

दगड.
सांगलीत, हळदीच्या गोदामात, सहा नंबरच्या फलाटाला
ट्रक मागे लागला की क्लीनर उतरून
चाकाखाली दगड सारायचा. कधी सारायचा नाही.
भरली हातगाडी आत गेली की ट्रक दचकतो,
रिकामी बाहेर आली की पुन्हा दचकतो,
दरवेळी बोटभर पुढे.
पाठीवर पोतं असलं की माणसाला
स्वतःच्या पायाचे अंगठे तेवढे दिसतात.

फेब्रुवारीत, नव्या हळदीची आवक चढलेली असताना,
बिरू हाक्के, तालुका जत,
फलाट आणि ट्रक यांच्यामधल्या वीतभर हवेवर
पाय टाकून खाली गेला.
नोंदवहीत मी लिहिलं : किरकोळ.
तो गुडघा पुन्हा वाकला नाही.
किरकोळ हा शब्द माझ्या हातचा आहे.

बाबालालनं आधी किल्लीची पेटी केली.
ड्रायव्हरनं किल्ली पेटीत ठेवली तरच शटर वर,
शटर खाली आलं तरच किल्ली मोकळी.
शेठ खूश, नारळ फुटला, पेढे आले.
चौथ्या दिवशी हुबळीच्या एका ड्रायव्हरनं
खिशातून दुसरी किल्ली काढली आणि निघाला.
शटर उघडं, लोखंडी फळी दाणकन खाली.
नशीब, तेव्हा सगळे जेवायला बसले होते.

मग दोन आठवडे हा टेप घेऊन मार्केट यार्डात
ट्रकांच्या मागे वाकून फिरला.
मागच्या आडव्या दांडीची उंची, प्रत्येकाची निराळी.
लोकांना वाटलं, आरटीओचा माणूस.
दोघांनी त्याला उसाचा रस पाजला.

आता हा आकडा.
फलाटाच्या पोटातून वर येतो, दांडी धरतो,
दाव्याच्या म्हशीसारखा ट्रक उभा राहतो.
धरला, तर शटर उघडतं. सुटला, तर घंटा.
"दांडी वाकलेल्या गाडीला अजून धरत न्हाई.
त्येबी लिवा."
लिहिलं.

रकाना सातवा : यात नवीन काय?

तो बराच वेळ हातातला नट फिरवत राहिला.
"नवीन काय न्हाई वो. उटी बैलगाडीलाबी हुती.
पन उटी लावायला आठवन लागती.
मी धरूनच चाललोय की मानूस इसरनार.
दमलेला आसंल, भांडून आलेला आसंल,
घरनं फोन आलेला आसंल.
इसरू दे की.
दार उघडायचं न्हाई, येवढंच."

एवढं त्या रकान्यात मावत नाही.
मी लिहितो : विस्मरण गृहीत धरले आहे.

काल सहा नंबरला आकडा बसवला.
पिवळा रंग ओला असतानाच
पॉलिशच्या ड्रमातून उडालेली हळद त्यावर बसली,
आता तो खरखरीत लागतो, मांजराच्या जिभेसारखा.
बिरू हल्ली दिव्यापाशी स्टुलावर असतो, पाय लांब करून.
हिरवा लागला.
तरी त्यानं काठी पुढे केली, आकड्यावर दोनदा ठोकलं,
कान देऊन ऐकलं,
आणि मगच पोरांना हात केला.

मी बाबालालकडे बघितलं.
"ठोकू दे," तो म्हणाला,
"मशिनवर इस्वास ठिव, आसं मी त्येला कुठं सांगितलंय?"