दोन रकाने

मामाजी कोतवाल होते. छत्तीस वर्षं
डफडं बडवत वणेकाठच्या या गावाला
सगळं त्यांनीच सांगितलं:
उद्या डोस आहे, घरपट्टी भरा,
पूर येतोय, ढोरं सोडा.
आता रात्री अडीचला उठतात,
जेवायचं ताट उलटं धरून
ओसरीतून दवंडी देतात.

आधी गाव चिडलं.
मग सल्ले आले. साठी बुद्धी नाठी, बाहेरचं हाय, उतारा कर.
भिंतीवरच्या बुद्धाकडे पाठ करून
मी लिंबूही उतरवलं.

नवरा बुटीबोरीला, रविवारचा पाहुणा.
वीस वर्षं ज्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळला नाही
त्यांची ओली चड्डी मी बदलते.
पहिल्यांदा डोळे मिटून बदलली.
ते म्हणाले, "कोनाची पोरगी व तू?
तुह्या मायले सांगीन, लय गुनाची हायस."
मोरीत नळ सोडून रडले मी.
मग नळ बंद केला,
पाणी एक दिवसाआड येतं.

आशाताई सुकेशिनी आम्हाला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली.
डॉक्टरीण पोरसवदा. विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"
"बाजाराचा."
तिनं कागदावर फुली मारली.
सुकेशिनी म्हणाली, "मॅडम, गुरुवार हाय,
आमच्या गावचा बाजार. बराबर हाय त्यांचं."
फुली खोडली गेली.
तेवढाच एक मार्क मिळाला त्या दिवशी.

आजाराला नाव आहे, असं कळलं.
गेलेलं परत येत नाही, असंही.
मग डॉक्टरीण माझ्याकडे वळली,
"आणि तुम्ही? किती झोपता?"
मी मागं पाहिलं,
मागं कुणी उभं आहे का.

तिनं वहीत रेघ मारून दिली. दोन रकाने.
डावा त्यांचा. उजवा माझा.
माझा महिनाभर कोराच राहिला,
काय लिहायचं असतं ते ठाऊक नव्हतं.

दाराच्या कडीला आता बैलाची घुंगरमाळ आहे.
सदऱ्याच्या आत माझा नंबर शिवलाय.
स्टँडवरचा पानठेलेवाला फिरोज
त्यांना बाकावर बसवतो, चुन्याची डबी हातात देतो
आणि मला मिस कॉल मारतो.
बाजाराच्या दिवशी शेजारची इंदिरा दोन तास येते,
त्यांच्यापुढे तुरीच्या शेंगा टाकते, ते सोलत बसतात.
मी बाजारात जात नाही. झोपते.

महिन्यातून एकदा उपकेंद्राच्या ओट्यावर
आम्ही चौघी बसतो,
आणि बायकोला न्हाऊ घालणारे एक मास्तर.
नाडी काढा, इलास्टिक लावा.
आरशावर टॉवेल टाका, त्यातल्या माणसाला ते भितात.
मेलेल्या भावाची वाट पाहत असतील
तर मेला म्हणू नका, रोज नव्यानं रडतात.
मागल्या खेपेला मास्तर एकदम बोलले,
"परवा मी तिला मारलं."
कुणी काही म्हटलं नाही.
लिलाबाईनं आपल्या कपातला अर्धा चहा
त्यांच्या बशीत ओतला.
नंतर सुकेशिनीनं त्यांच्या बहिणीला फोन लावला,
आठ दिवस येऊन राहा म्हणून.

काल पुन्हा ताट वाजलं. अडीचच.
"आयका हो आयकाऽऽ
एक मानूस हरपला हो,
रंग सावळा, अंगात खाकी सदरा,
कोनाले घावला तं कोतवालाले कळवा होऽऽ"

मी उठेपर्यंत समोरच्या अंधारातून
इंदिराच्या नवऱ्याचा खोकला आला, मग आवाज,
"घावला हो कोतवाल! घरीच हाय!"
पलीकडून आणखी कुणी, "घावला, घावला. निजा आता."

मामाजींनी ताट खाली ठेवलं.
म्हणाले, "बरं झालं. घरचे जागे असतील त्याचे."

वही काढली.
डावीकडे लिहिलं: अडीच वाजता दवंडी. मग शांत.
उजवीकडे सकाळी लिहिलं:
तीन तास.